छत कोसळलं, मग...?

अजिंठ्याला गेलं की सगळी गर्दी धावते ती एक नंबरच्या लेण्यात, पद्मपाणीला बघायला. आम्हीही धावलो. पण मी रेंगाळले ती चार नंबरात. अजिंठ्यातला हा सगळ्यात मोठा विहार. २८ खांबांचा, पण अर्धवट राहिलेला. खोदता खोदता इथल्या खडकात दोष निघाला आणि छताचा काही भाग कोसळला. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरांचं काय झालं असेल! फोडलेला दगड काही परत चिकटत नाही. तिथे कुठलं आलंय ‘अनडू’? मग त्यांनी काय केलं? आणखी वर खोदत गेले आणि छतच उंच केलं!

त्याच शुक्रवारी मी चुकीच्या आकड्यांची शीट थेट क्लायंटला पाठवली होती. राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्ये तयार होता. त्या छताखाली बराच वेळ नुसती उभी राहिले. सोमवारी ऑफिसात जाऊन चूक कबूल केली, शीट पुन्हा बनवली. बोलणी खाल्ली, पण ड्राफ्ट डिलीट केला.

तुम्हीही जाऊन या. फक्त सोमवारी नको, लेणी बंद असतात. तो दिवस ऑफिसातल्या चुका निस्तरायला ठेवा!