सौंसर, पांढुर्णा आणि एक जुनी झूम लेन्स

नागपूरहून निघून सावनेर मागे टाकले की रस्त्याला दोन फाटे फुटतात. एक सौंसरवरून छिंदवाड्याकडे जातो, दुसरा पांढुर्ण्यावरून बैतूलकडे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत या मुलखाचा कारभार नागपूरहून चाले. पुढे राजधानी भोपाळला गेली, पण घराघरांतली मराठी जागची हलली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार होते. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि तो हस्तगत करण्यासाठी पांढुर्णा व सावरगाव या दोन्ही काठांवरून दगडफेक चालते. शेकडो माणसे जखमी होतात. काहींचे प्राणही गेले आहेत. हे दृश्य जवळ जाऊन टिपणे शहाणपणाचे नव्हे. म्हणून आम्ही आदल्या हिवाळ्यातच नागपुरात ८० ते २०० मिलिमीटरची एक जुनी झूम लेन्स घेतली. दुकानदाराने आठ दिवसांत परत घेण्याची बोली केली होती. तेवढ्या मुदतीत लेन्सची पारख करावी आणि नदीकाठची जागाही पाहून ठेवावी, असा दुहेरी बेत होता.

जुन्या लेन्सचा बाहेरचा रंग उडालेला असला तरी बिघडत नाही. पाहायचे ते आत. दुकानातच आम्ही एका बाजूने विजेरी धरून दुसऱ्या बाजूने तिरपे पाहिले. चार धूलिकण दिसले, त्यांची चिंता नसते. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी; दमट पावसाळ्यात चामड्याच्या पेटीत बंद राहिलेल्या लेन्सला ती हमखास गाठते. सर्वत्र धुरकट पडदा दिसला तरीही लेन्स घेऊ नये. मग मागची बारीक तरफ सारून सोडली. छिद्राच्या पाकळ्या झटकन मिटल्या. त्यांवर तेल उतरले असते तर त्या रेंगाळल्या असत्या. लेन्स खाली झुकवताच मात्र झूमची नळी आपल्या भाराने घसरली. हा दोष दाखवून आम्ही किंमत थोडी उतरवून घेतली.

खरी परीक्षा सौंसरच्या उन्हात झाली. संत्र्याच्या बागा आंबिया बहराच्या फळांनी लगडल्या होत्या. मालकाची परवानगी घेऊन आम्ही २०० मिलिमीटरवर एका फळावर फोकस केला आणि तो न हलवता ८० वर आलो. चित्र स्पष्टच राहिले. नंतर विटांच्या भिंतीसमोर कॅमेरा तिवईवर ठेवून छायाचित्रे काढली. छिद्र पूर्ण उघडे असता कोपरे किंचित मऊ, पण चारही सारखेच. एकच कोपरा बिघडला असता तर आतले भिंग सरकले आहे असे समजलो असतो. छिद्र ८ वर विटांची प्रत्येक कड उठून दिसली. उजळ आभाळापुढच्या वाळक्या फांदीला मात्र जांभळट कड आली. जुन्या काचेचा तो स्वभाव आहे, आणि तो चालण्यासारखा होता.

दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीचे पात्र शांत होते. तिथे हिशेब केला. ३५ मिलिमीटरच्या फिल्मएवढ्या चौकटीत २०० मिलिमीटरची लेन्स १०० मीटरांवरचा सुमारे १८ मीटर रुंदीचा भाग घेते. म्हणजे पळसाचे झाड आणि भोवतालची झटापट तेवढ्यात सहज मावते, आणि हाताने फेकलेला दगड आपल्यापर्यंत पोचणे कठीण. गोफणीचा दगड त्याहून लांब जातो, म्हणून उघड्या काठापेक्षा आडोसा असलेली जागा हवी. त्या अंतरावरची एक माडी आम्ही पाहून ठेवली आणि घरच्यांना पोळ्याच्या वेळी येण्याबद्दल विचारले. "या की, घर तुमचंच आहे," असे म्हणून त्यांनी चहा पुढे केला.

लेन्स आम्ही ठेवून घेतली. घसरणाऱ्या नळीला रबराचा रुंद पट्टा पुरला. मूळ गावाचे सण पाहायला मुलाबाळांसह जाणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, लेन्स जुनी असली तरी चालेल, काच तेवढी निरोगी घ्यावी. आणि गोटमारीला गेलात तर मुलांना नदीपासून दूर ठेवावे. एका छायाचित्रासाठी कुणाचा डोळा जावा, एवढे कोणतेही छायाचित्र मोलाचे नसते.