सुटलेले नंबर

बारामती-इंदापूरच्या वधू-वर मेळाव्यासाठी आलेले निरोप आम्ही एका फाईलीत जमवले. त्यातून फोन नंबर वेचायला पुतण्याने संगणकाला नियम घालून दिला: ६ ते ९ पैकी एका अंकाने सुरू होणारे सलग १० अंक उचल. क्षणात यादी निघाली. आम्ही खूश!

मेळावा झाल्यावर इंदापूरकडचे एक गृहस्थ म्हणाले, "भाऊ, आमच्या लेकीला फोनच आला नाही." त्यांनी नंबर मराठी अंकांत लिहिला होता, नियमात फक्त इंग्रजी अंक. बारामतीचा ०२११२, इंदापूरचा ०२१११ लावलेले घरचे फोनही गळाले होते. पाच अंकांनंतर जागा सोडलेले मोबाईलसुद्धा.

नियम सुधारला. तरी ज्या निरोपातून नंबर निघत नाही, तो आम्ही आता स्वतः वाचतो. त्या गृहस्थांच्या घरी जाऊन आलो. चहा मिळाला, मुलगी मात्र बाहेर आली नाही.