बसणे आणि जुळणे

पहिला संगणक स्वहस्ते जुळवू पाहणारा विद्यार्थी आपली यादी घेऊन माझ्याकडे येतो, तेव्हा प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड यांची नावे तिच्या शिरोभागी असतात, आणि एसएमपीएस व कॅबिनेट ही दोन नावे, शिल्लक रकमेत जे पदरी पडेल ते घ्यावे अशा हिशेबाने, अगदी तळाशी लिहिलेली असतात. संगणक जुळविण्याचे काम करीत मला २० वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. अशी यादी मी तळापासून वर वाचतो.

एक भाग दुसऱ्यात बसला म्हणजे तो त्याच्याशी जुळलाच असे नव्हे, हे ज्याच्या मनावर ठसले त्याचे निम्मे काम झाले. इंटेलच्या सॉकेटचे नाव संपर्कबिंदूंच्या संख्येवरून पडते. ११५१ बिंदूंचे सॉकेट २०१५ साली सहाव्या पिढीच्या प्रोसेसरबरोबर आले, आणि २०१७ साली आठवी पिढी आली तेव्हा बिंदूही तेवढेच होते व नावही तेच होते, तथापि काही बिंदूंकडे सोपविलेली कामे पालटली असल्यामुळे जुन्या १०० व २०० मालिकेच्या मदरबोर्डवर त्या पिढीला चालण्याची मुभा नव्हती. एएमडीच्या एएम-४ सॉकेटने उलटपक्षी अनेक पिढ्यांना आश्रय दिला. पण मदरबोर्डवरचा बायोस जुन्या तारखेचा असेल, तर मागाहून निघालेल्या प्रोसेसरची ओळख त्याला पटत नाही. सबब मदरबोर्डच्या उत्पादकाने प्रसिद्ध केलेली प्रोसेसरची यादी, आणि प्रत्येक नावासमोर नोंदलेला बायोसचा क्रमांक, मी करारनाम्याप्रमाणे शब्दशः वाचतो; दुकानदाराचा तोंडी हवाला, तो कितीही सद्भावाने दिलेला असो, त्याची जागा घेऊ शकत नाही. काही मदरबोर्डवर प्रोसेसर नसतानाही पेनड्राइव्हवरून बायोस बदलण्याची सोय असते. नवख्याने थोडे अधिक पैसे मोजून तीच निवड करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

रॅमच्या बाबतीत योजकांनी दूरदृष्टी दाखविली आहे. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या दोन्हींच्या पट्ट्यांना संपर्क २८८च असले, तरी मधली खाच निराळ्या जागी कापलेली असल्याने चुकीची पट्टी बसतच नाही. एम-२ एसएसडीला असे संरक्षण नेहमी लाभत नाही. साटा जातीची एसएसडी केवळ एनव्हीएमईसाठी राखलेल्या जागी निमूट बसते, स्क्रूही लागतो, आणि यंत्राला मात्र ती दिसत नाही.

आता एसएमपीएस, म्हणजे वीज पुरविणारी पेटी. ग्राफिक कार्ड मदरबोर्डवरील आपल्या स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत वीज घेऊ शकते, आणि त्याला जोडलेल्या प्रत्येक आठ-पिनी जोडणीतून १५० वॅटपर्यंत. त्यात प्रोसेसरची कमाल गरज मिळवून, वर पुरेशी शिल्लक ठेवून मगच वॅटचा आकडा ठरवावा. प्रोसेसरची आठ-पिनी जोडणी आणि कार्डाची आठ-पिनी जोडणी दिसायला सख्ख्या बहिणी वाटतात, परंतु एकीत जेथे बारा व्होल्ट असतात तेथे दुसरीत परतीची तार असते. पिनांचे आकार भिन्न केलेले असतात ते याचसाठी, म्हणून अडलेल्या जोडणीवर कधीही जोर करू नये.

ज्याच्या केबल दोन्ही टोकांनी सुट्या होतात अशा एसएमपीएसमध्ये डिस्ककडील टोक प्रमाणित असते. पेटीकडील टोकाची रचना मात्र प्रत्येक उत्पादक आपल्या मर्जीने करतो. हे मला ऐकून ठाऊक होते. तरीही पुष्कळ वर्षांपूर्वी एका वृद्ध प्राध्यापकांच्या संगणकातील निकामी पेटी बदलताना, जुन्या केबल नव्या पेटीत सहज बसत आहेत असे पाहून, श्रम वाचविण्यासाठी मी त्या तशाच राहू दिल्या. बटण दाबताच जळका वास आला. पाच व्होल्टच्या तारेवर बारा व्होल्ट गेले होते, धक्का हार्ड डिस्कच्या आतील भागापर्यंत पोहोचला होता, आणि तिच्यात त्यांनी गावोगाव हिंडून टिपलेली अभंगांच्या बाडांची छायाचित्रे होती, ज्यांतील काही मूळ बाडे तोवर वाळवीने खाल्ली होती. प्राध्यापक मला एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी स्वतः चहा केला, आणि कोणत्या गावचे कोणते बाड त्यात होते ते आठवेल तसे एका कागदावर लिहू लागले. त्या दिवसापासून काढलेली पेटी मी तिच्या सर्व केबलसह एकत्र बांधूनच बाजूला ठेवतो.

कॅबिनेटविषयी थोडक्यात सांगतो. इंटेलने १९९५ साली आखलेल्या एटीएक्स मसुद्यातील ३०५ बाय २४४ मिलिमीटर हे मदरबोर्डचे माप आजही चालू आहे, त्यामुळे अडचण बहुधा मदरबोर्डची येत नाही. ती कूलरच्या उंचीची आणि ग्राफिक कार्डाच्या लांबीची येते.

यंदा आमच्या शेजारच्या मुलीने आपला पहिला संगणक जुळविला. लॅमिंग्टन रोडवर जाण्यापूर्वी ही सारी मापे, बायोसच्या क्रमांकासह, तिने वहीत उतरविली होती, आणि एका दुकानात कार्ड १२ मिलिमीटरने लांब निघाले तेव्हा ते परत देऊन दुसरे मागितले होते. जुळणी तिने एकटीने केली. मी फक्त बसून होतो. बटण दाबल्यावर पंखे फिरले, पण पडदा काळाच राहिला. एक मिनिट गेले, दुसरेही गेले. तिच्या वडिलांनी धास्तावून स्विचकडे हात नेला, तोच ती म्हणाली, “बाबा, बंद करू नका. पहिल्या वेळी डीडीआर-५ रॅमची आखणी व्हायला वेळ लागतो, पुस्तिकेत लिहिलंय.” आम्ही तिघेही उभे राहिलो. थोड्या वेळाने पडदा उजळला, आणि बायोसच्या पहिल्या पानावर तिच्या प्रोसेसरचे नाव व त्याखाली ३२ जीबी हा आकडा उमटला. तिने वही उघडून दोन्ही नोंदींपुढे पेन्सिलीने खूण केली.