परळची चाळ, दादरचे राजगृह आणि वरळीची नवी घरे

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आलेली आपली माणसे दादरपर्यंत आलोच आहोत तर राजगृह पाहू म्हणून हिंदू कॉलनीत जातात. तेथून परळ फार लांब नाही. पण दामोदर हॉलजवळच्या बी.आय.टी. चाळीकडे वळतात ती थोडीच. वास्तविक १९१२ पासून १९३४ पर्यंत, अमेरिका आणि लंडनची वर्षे सोडली तर, बाबासाहेबांचे बिऱ्हाड याच चाळीतल्या ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत होते. दोन लहान खोल्या, आणि त्यातच घर, पुस्तके व येणारी-जाणारी माणसे. कोल्हापूरचे शाहू महाराज त्यांना भेटायला आले ते इथेच. १९२४ ची बहिष्कृत हितकारिणी सभा, १९२७ चा महाडचा सत्याग्रह, १९३० ची गोलमेज परिषद, या सर्व काळात बाबासाहेबांचा पत्ता भाड्याच्या खोलीचा होता.

हे आज सांगायचे कारण असे की, आपल्या घराघरांत एक वाद चालू असतो. बाप म्हणतो, वीस वर्षांचे कर्ज काढ, पण बदलापूरला का होईना, स्वतःची खोली घे. मुलगा म्हणतो, कामाजवळ भाड्याने राहतो, हप्त्यात जन्म घालवत नाही. हिशेब दोघांचाही बरोबर असतो. पण आपल्या लोकांना हिशेबात आणखी एक रकाना धरावा लागतो. भाड्याचे घर कोणीतरी द्यावे लागते, आणि देणारा नाही म्हणू शकतो.

१९१७ साली बाबासाहेब परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. शहरात त्यांना कोणी जागा देईना. शेवटी पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडायला सांगून गेला. पगार होता, पदवी होती, भाडे द्यायची तयारी होती. कमी होते ते फक्त जातीचे. त्या दिवशी बागेत झाडाखाली बसून त्यांनी रात्रीच्या गाडीची वाट पाहिली.

आज काठी कोणी आणत नाही. एजंट फोनवर आधी आडनाव विचारतो, मग व्हेज की नॉनव्हेज. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावणार का, हे मात्र तो विचारत नाही. ते घरमालकाला नंतर दिसते आणि अकरा महिन्यांचा करार पुढे वाढत नाही.

मग परळच्या चाळीत भाड्याने राहणे कसे जमले? कारण तिथला मालक निराळा होता. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये सरकारने मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला आणि त्याने कामगारांसाठी चाळी बांधल्या. नळ सामाईक, संडास सामाईक, गैरसोय पुष्कळ. पण भाडे भरले की मालकाच्या मर्जीवर राहायचे नव्हते.

राजगृह हे बाबासाहेबांनी स्वतः बांधलेले घर. नाव मगधाच्या राजधानीचे, आणि बांधले ते मुख्यतः पुस्तकांसाठी. घर बांधताना त्यांनी आधी ग्रंथांची सोय पाहिली. आपण टीव्हीची भिंत आधी ठरवतो, हे जाता जाता सांगतो.

दादरहून वरळीला जांबोरी मैदानावर उतरा. भोवती बी.डी.डी. चाळी. १९२० च्या दशकात सरकारने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी उभ्या केल्या. मधून लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या. एका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. सत्याग्रहाच्या काळात इथे सरकारने तात्पुरता तुरुंगही केला होता. पुढे गिरणीकामगार, पालिकेचे सफाई कामगार, कोकणातून आणि देशावरून आलेली आपली माणसे इथे राहिली. १९७४ च्या दंगलीत दलित पँथरच्या पोरांनी मार खाल्ला तो याच बोळांत. मार खाल्ला, पण खोलीची पावती सरकारची होती.

१४ ऑगस्ट २०२५ रोजी इथल्या ५५६ कुटुंबांना नव्या उंच इमारतींतल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. भाडेकरू मालक झाला. तीन पिढ्या एका खोलीत काढलेल्या आईला स्वतःचे स्वयंपाकघर मिळाले, याहून मोठा आनंद कोणता! या घराला गिऱ्हाईक लगेच येईल, भावही मोठा सांगेल. माझे मत स्पष्ट आहे: विकू नका. कागदावर घरातल्या बाईचे नाव आहे की नाही, तेही पाहून घ्या.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. मालकीचे घर ज्याला मिळाले त्याला मिळाले. जी सरकारी भाड्याची खोली होती, आडनाव न विचारता मिळणारी, ती मात्र या व्यवहारात संपली. उद्या नांदेडहून किंवा बुलढाण्याहून शिकायला, कामाला येणारा आपला मुलगा वरळीत उतरेल तेव्हा त्याला खोली कोण देणार? त्याच्यासाठी सरकारने पुन्हा भाड्याची घरे बांधावीत, ही मागणी आपल्या सभांत अजून नीटशी ऐकू येत नाही. आणि तोपर्यंत, नव्या इमारतीतली एखादी खोली भाड्याने द्यायची झाली तर दारात उभ्या राहिलेल्या मुलाला आपण काय विचारणार आहोत?

जुन्या चाळी एकेक करून पाडल्या जात आहेत. पुढच्या वेळी मुंबईला याल तेव्हा मुलांना परळची चाळ दाखवा, आणि वरळीत एखादी चाळ उभी असेल तर तिचा बोळ या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पाहा.