आमरीच्या पानावरचे डाग

२०२३ च्या वादळात आंजीच्या बांधावरचा आंबा पडला. मजुरीच्या दिवसांत माय त्याच आंब्याखाली भाकर खायची. त्याच्या फांदीवरची आमरी तिने घरी आणून ओसरीला टांगली.

पावसाळ्यात पानांवर काळपट, ओलसर डाग पडले. तहानली असेल म्हणून आम्ही रोज संध्याकाळी पाणी वाढवले. डाग पसरले!

कृषी सहाय्यकांनी पान दाबून दाखवले. उन्हाने करपलेला डाग कोरडा असतो, पसरत नाही. हा मऊ, म्हणजे सड. आमरी झाडाचा रस शोषत नाही, उघड्या मुळांनी हवेतला ओलावा घेते. तिला वारा हवा.

तापवून गार केलेल्या ब्लेडने डागाभोवतीचे थोडे हिरवे पानही कापले. पाणी फक्त सकाळी, तेही मुळांना.

महिनाभरात नवे मूळ फुटले. माय म्हणाली, "वेळेवर कापलं म्हणून वाचली."

वाचकहो, आधी रोग ओळखावा, मग उपाय करावा.