आलंबनाविना भय

भारतीय साहित्यशास्त्र शिकवताना भयानक रसाच्या वाट्याला वर्गात फारसा वेळ येत नाही. व्याघ्र हे आलंबन, निर्जन अरण्य हे उद्दीपन, थरथरणे व पळणे हे अनुभाव, एवढे फळ्यावर लिहिले की आपण पुढे सरकतो. आम्ही दोघे, पतिपत्नी, मराठीचे अध्यापक. अनेक वर्षे हेच लिहीत आलो. गेल्या सहा वर्षांपासून मात्र आमच्या घरी पॅनिक अटॅकचे येणेजाणे आहे. तो दोघांपैकी कोणाला येतो हे येथे गौण आहे, कारण घरात तो दोघांचाच असतो.

भरताने सांगितलेले आठ सात्त्विक भाव आठवून पाहावेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. भाजी चिरता चिरता अंग घामाने डबडबते, हात कापू लागतात, आवाज फुटत नाही, छाती आवळून येते आणि आपण आता मरणार अशी खात्री पटते. काही मिनिटांत हे सारे शिगेला पोहोचते व मग ओसरते. अनुभाव सगळे हजर. विभावाचा मात्र पत्ता नाही. समोर वाघ नसतो, अर्धवट चिरलेला दोडका असतो.

पहिल्या वेळी ईसीजी काढला, थायरॉईडची तपासणी झाली. दोन्ही निर्दोष निघाल्यावर एका डॉक्टरांनी 'मनाचे खेळ' म्हणून बोळवण केली. वस्तुतः अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० सालच्या आपल्या वर्गीकरणात या विकाराला स्वतंत्र स्थान दिलेले आहे.

आलंबनाविना भय मनाला सोसवत नाही, हे आम्हांला जगताना कळले. मन आलंबन शोधून काढतेच. झटका जिन्यात आला तर जिना, एस.टी.त आला तर एस.टी. परीक्षेच्या पर्यवेक्षणाचे तीन तास नकोसे होतात, मग सभागृहे, मग लग्नकार्ये. शेवटी 'तो पुन्हा येईल' हा विचारच आलंबन होऊन बसतो आणि जग घर ते महाविद्यालय एवढ्यापुरते उरते.

औषधांच्या जोडीने जी उपचारपद्धती आम्हांला सांगितली गेली, ती या खोट्या आलंबनांवरच घाव घालते. टाळलेल्या जागी थोडे थोडे जायचे, भय चढू द्यायचे आणि ते उतरेपर्यंत तेथून हलायचे नाही. यात जोडीदारालाही पथ्य आहे. प्रत्येक वेळी सोबत जायचे नाही, हात धरायचा नाही. कारण 'सोबत होती म्हणून वाचलो' असे मनाने धरले की भय तसेच राहते. आपले माणूस एस.टी.त एकटे चढताना पाहायचे आणि स्थानकावर थांबून राहायचे, हे पथ्य औषधाहून कडू आहे. मायेपोटी ते मोडावेसे वाटते, आणि नेमके तेच करायचे नसते.

झटके अजून येतात, पूर्वीपेक्षा विरळ. घरी आम्ही त्याला 'त्रास' म्हणतो: 'आज त्रास झाला का?' मराठीत हा शब्द सौम्य झाला, पण संस्कृतात त्रास म्हणजे विजेच्या कडकडाटासरशी उठणारी दचक. भरताने त्याची गणना स्थायी भावांत केलेली नाही. तेहेतीस व्यभिचारी भावांत केली आहे. म्हणजे येणारा आणि जाणारा. विद्यार्थ्यांना हा भेद सांगताना आता आम्ही थोडे अधिक थांबतो.