गिअरच्या सायकलीचं काय करायचं?

घरात एखादी जुनी वस्तू असली की तिच्याबद्दल प्रत्येकाला मत असतं. शिवणयंत्र असो, मिक्सर असो, नाहीतर माझी सायकल असो. "भंगारात घाल, तुला हप्त्यांवर विजेची स्कूटर घेऊ," हे आमच्या ह्यांचं मत. आणि पुण्याला कॉलेजात शिकणारा माझा भाचा म्हणतो, "मावशी, सगळे गिअर काढ आणि फिक्स्ड करून टाक. हलकी होईल आणि दिसेलही झकास."

ही सायकल बाबांनी मी अकरावीत गेले तेव्हा घेतली. साताऱ्याचे रस्ते ज्यांना ठाऊक आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. राजवाड्याकडून पोवई नाक्याकडे निघालं की सायकल आपोआप पळते, आणि परत येताना पळवलेलं सगळं वसूल करून घेते. "चढ आहे, पोरीला दम लागेल," म्हणून बाबांनी मुद्दाम गिअरची घेतली. पुढे तीन चक्रं, मागे सहा. आज बाबा नाहीत. सासरही राजवाड्याच्याच अंगाला मिळालं आणि शाळा नाक्याच्या बाजूला, त्यामुळे रस्ता तोच राहिला. तासिका तत्त्वावरच्या पगारातून स्कूटरचे हप्ते भरायचे म्हणजे काम कशासाठी करायचं हाच प्रश्न! शिवाय कुणाला "सोडता का?" न विचारता घराबाहेर पडता येतं ते या सायकलीमुळे. तेव्हा भंगाराचा विचार मी एका वाक्यात निकालात काढला.

प्रश्न उरला गिअरचा. मागच्या गिअरची केबल तुटून दोन वर्षं झाली. केबल तुटली की आतली स्प्रिंग चेनला ओढून सर्वांत लहान चक्रावर नेऊन बसवते, म्हणजे चढाला सगळ्यात जड तेच. अठरा गिअरची सायकल असून दुपारी मी तिला हातात धरून चालतच घरी येत होते. दुरुस्तीवाल्याने पाहून सांगितलं, "बाई, मागचा सांगाडा वाकलाय, चक्रांचे दात झिजलेत. सगळं बदलावं लागेल."

मग भाच्याचं म्हणणं नीट समजून घेतलं. आपल्या सायकलीत पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं. ती जी टिकटिक ऐकू येते ना, ती फ्रीव्हीलची. फिक्स्डमध्ये फ्रीव्हीलच नसतं. चक्र थेट हबवर आवळलेलं असतं. चाक फिरतंय तोवर पायडलही फिरणार. हे काही नवं फॅड नव्हे, बरं का. १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी 'रोव्हर' काढली, तिलाच आजच्या सायकलीची आजी म्हणायला हवं, आणि ती फिक्स्डच होती. फ्रान्सची प्रसिद्ध 'टूर द फ्रान्स' शर्यत १९०३ साली सुरू झाली, पण चेन सरकवणारे गिअर तिथे चालू दिले १९३७ साली. जपानमध्ये १९४८ पासून चालणाऱ्या 'केइरिन' शर्यतीत अजूनही फिक्स्ड सायकली असतात, आणि त्यांना ब्रेकसुद्धा नसतात. पण त्या धावपट्टीवर. तिथे ना म्हैस आडवी येते, ना रिक्षा.

सुट्टीत भाचा स्वतःची सायकल घेऊन आला. मैदानात त्याने सीट धरली आणि मी चार फेऱ्या मारल्या. खरं सांगते, मजा आली. चाकाशी पाय जोडलेले आहेत असं वाटतं. वळणावर सवयीने पाय थांबवायला गेले, तर पायडलने मलाच उचलून पुढे ढकललं! "सवय होते मावशी," म्हणाला. होतही असेल.

पण घरी येऊन मी वही काढली. फक्त दिसण्यावर निर्णय घ्यायला ती काही साडी नव्हे.

पहिली गोष्ट उताराची. भाच्याने सुचवलेलं माप पुढे ३८ दात, मागे २०. पायडलच्या एका फेऱ्यात माझी सायकल पावणेचार-चार मीटर जाणार. उतारावर ताशी २५ किलोमीटर वेग धरला तर पायांना मिनिटाला शंभरावर फेरे. तेही सकाळी सात वाजता, मागे डबा आणि तपासलेल्या वह्यांची पिशवी लावून.

दुसरी गोष्ट दुरुस्तीवाल्याने दाखवली. माझ्या हबवर चक्र एकाच बाजूच्या आट्यांवर बसतं. पुढे पायडल मारलं की ते आवळत जातं. फिक्स्डमध्ये वेग कमी करायला पाय उलटे रेटतात, तेव्हा तेच चक्र सैल होऊ शकतं. म्हणून फिक्स्डच्या खऱ्या हबवर उलट्या आट्यांची आणखी एक कडी असते. म्हणजे हबच नवा हवा. नुसतं चक्र आवळून देणारे भेटतात, त्यांच्यापासून लांब राहावं.

ओढणीचं तर तुम्हाला सांगायलाच नको. साध्या सायकलीत काही अडकलं की पाय थांबवायचे, चेन थांबते. फिक्स्डमध्ये सायकल थांबेपर्यंत चेन ओढतच राहते.

आणि शेवटी आमची धाकटी. पाच वर्षांची आहे. सायकल स्टँडवर लावली की चाक गरागरा फिरवायचं, हा तिचा नि शेजारच्या दोघांचा आवडता उद्योग. आत्ता पुढे फिरवलेलं चाक एकटंच फिरतं, चेन जागच्या जागी असते. फिक्स्डमध्ये चाकाबरोबर चेनही पळणार, आणि चेन नि चक्र यांच्यामध्ये बोट गेलं तर चाकाचा सगळा जोर त्या बोटावर. इथे माझी वही मिटली. भाच्याकडे लहान मूल नाही, त्याला हे सुचणार कसं?

मग सगळे गिअर नवे घालायचे का? बाबांची आठवण म्हणून मन तिकडे ओढत होतं. पण अठरापैकी मी वापरायचे दोनच, आणि पावसाळ्यात तेही कुरकुरायचे. म्हणून मधला मार्ग काढला. गिअर काढले, पुढे मधलं ३८ दातांचं चक्र ठेवलं, मागे २० दातांचं एकेरी फ्रीव्हील बसवलं, चेन कापून बेताची केली. दोन्ही ब्रेक शाबूत, वर चेनकव्हर. माझ्या सायकलीला चाक बसवायच्या मागच्या खाचा आडव्या आहेत, म्हणून चाक मागे ओढून चेन ताणता आली. खाचा उभ्या असत्या तर चेन ताणायला वेगळा जोड लागला असता. गिअर काढायला सांगण्याआधी तेवढं खाली वाकून बघून घ्या.

भाचा जरा हिरमुसला. ह्यांनी एक चक्कर मारली आणि "बरी झालीय," एवढंच म्हणाले. काढलेल्या गिअरची पिशवी दुरुस्तीवाला वजनावर घ्यायला तयार होता, पण ती मी घरी आणली. सध्या माळ्यावर, तांब्याच्या बंबाशेजारी आहे.

गेल्या सोमवारी नाक्यापासून घरापर्यंत न उतरता आले. म्हणजे, एकदा उतरले. पण ते मेथी ताजी दिसली म्हणून.